कौसल्याची पाच मिनिटं

"काकी, तुमचं नशीब फळफळलं!" प्रितीने दारातूनच आरोळी ठोकली. "ही लुईझा. ब्राझीलची आहे, एक्स्चेंजवर सहा महिने आपल्या कॉलेजला आलीय. हॉस्टेलचं खाऊन वैतागलीय बिचारी. तुम्ही हिला जेवू घाला, ही तुम्हाला इंग्लिश शिकवेल. डील!"

कौसल्याच्या हातातली चपाती हातातच राहिली. डिलाईल रोडवरच्या तिच्या चार टेबलांच्या खानावळीत, ऐन जेवणाच्या गर्दीत, साक्षात इंग्रजी दारात उभी होती. उंच, गोरी, घामाघूम आणि भुकेलेली.

कौसल्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.ए. करत होती. सकाळी सातपासून कॉलेज, अकरापासून खानावळ. प्रिती तिच्याच वर्गातली, तिच्या मुलीच्या वयाची. बाकीचे विषय कौसल्याने एकेक करून मार्गी लावले, पण पहिल्या वर्षी नापास झालेल्या इंग्रजीची केटी काही निघत नव्हती. लेखी निघाली होती, अडली होती ती तोंडी. वर्गासमोर उभं राहून पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. दोनदा ती उभी राहिली आणि दोन्ही वेळा नुसती उभीच राहिली. आता जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. पुढच्या महिन्यात जमलं नाही, तर तीन वर्षांवर पाणी.

तिने लुईझापुढे भात, डाळ आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. गर्दी ओसरल्यावर मोठ्या आशेने पुस्तक उघडलं. लुईझाने पहिला परिच्छेद वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "आय नो अंडरस्टँड."

कौसल्याने प्रितीला फोन लावला. "अगं, हिला इंग्लिश येतच नाय!"

"काय सांगता! फॉरेनची आहे ना ती?"

"फॉरेनची असली म्हणून काय झालं? त्यांच्याकडे पोर्तुगीज बोलतात म्हणे. माझ्यापेक्षा कच्ची आहे गं!"

प्रितीला एकटीला दोष देऊन उपयोग नव्हता. गोरी कातडी म्हणजे इंग्रजी, हे कौसल्यानेही डोळे मिटून गृहीत धरलं होतं. पाव आणि बटाटा हे दोन शब्द तेवढे दोघींचे सारखे निघाले, पण त्यावर केटी निघणार नव्हती. कौसल्या मनातून चांगलीच खट्टू झाली. तरी उद्यापासून येऊ नको, असं म्हणणं तिला जमेना. ही खानावळ तिच्या सासूने, गंगुबाईने, गिरणी कामगारांसाठी काढलेली. इथून कुणाला उपाशी परत पाठवायची रीत नव्हती.

लुईझा रोज येऊ लागली. तिला इंग्रजीचे फार तर शंभर शब्द येत असतील, पण तेवढ्यावर तिने अख्खी मुंबई वेठीला धरली होती. टॅक्सीवाल्याशी भांडायची, लायब्ररीत पुस्तक मागायची, "मोर फिश, बिग वन!" म्हणून बेधडक ताट पुढे करायची. चुकली की हसायची आणि पुन्हा बोलायची. कौसल्याला याच्या दुप्पट शब्द येत होते. हिला लाज कशी वाटत नाही, म्हणून आधी तिला राग आला, मग हेवा वाटला, आणि मग तिने चंगच बांधला.

"टुमारो ओन्ली इंग्लिश," तिने लुईझाला बजावलं. "राँग चालेल. स्टॉप नाय चालणार."

दुपारी कांदे चिरता चिरता दोघींची जुंपायची.

"टुडे फिश स्मॉल. बोट नॉट कम."

"व्हाय बोट नॉट कम?"

"सी अँग्री."

"सी लाइक यू, कोसाल्या!"

शेजारच्या टेबलावरचा एक ऑफिसवाला एकदा व्याकरण सुधारायला आला. "तुम्ही जेवा हो," कौसल्या म्हणाली, "कढी गार होतेय."

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक सर आले होते. तिला विषय मिळाला, आदर वाटणारी व्यक्ती. ती फळ्यापाशी गेली. या वेळी तोंड उघडलं.

"माय मदर-इन-लॉ, गंगुबाई. शी नॉट गो स्कूल. नो साइन. ओन्ली थम्ब." तिने अंगठा वर करून दाखवला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ती थांबली नाही. "शी कुक फॉर मिल वर्कर. फॉर्टी इयर. शी से टू मी, कौसल्या, माय लाइफ थम्ब. यू स्टडी. शी कम विथ मी, कॉलेज, फर्स्ट डे. शी सिट आउटसाइड, ऑन स्टेप." कौसल्याचा आवाज चिरकला. "फर्स्ट मिल गो. वर्कर गो. लास्ट इयर, शी गो."

वर्गात आता कुणी हसत नव्हतं. कौसल्याचे डोळे भरून आले. सर भले गृहस्थ होते. त्यांनी मायेने हात वर केला. "पुरे, पुरे. पास आहात तुम्ही, बाई. बसा आता."

कौसल्याने ओढणीने नाक पुसलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"नो सर," ती म्हणाली. "टू मिनिट बाकी. आय नॉट फिनिश."

सरांनी पेन खाली ठेवलं, आणि ती पुढे बोलू लागली.