सोव्हिएतची आठ पोती

धुळ्याच्या वादविवाद स्पर्धेसाठी कामिनीला संध्याकाळी पाचपर्यंत फोनवर आपली बाजू कळवायची होती. विषय होता, हिटलरला हरवण्यात सर्वांत मोठा वाटा कोणत्या देशाचा? तिला सोव्हिएत संघ घ्यायचा होता. आजोबा अभिमन, तिचे आबा, अमेरिकेवर अडून बसले होते. चौतीस वर्षं त्यांनी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसं तपासली. लढाई कारखाना जिंकतो, यावर त्यांचा जन्म गेला होता. नात दुसरं काही बोलली की आपली नोकरीच कुणी फुकट ठरवली, असं त्यांना वाटायचं.

रशियाला ट्रक दिले अमेरिकेनं, बूट दिले अमेरिकेनं, असं ते टीव्हीवरच्या युद्धपटांच्या जोरावर सुनावत होते. "अन् मरणं म्हणजे काही काम नव्हे, पोरी."

सोव्हिएतची दोन कोटी सत्तर लाख माणसं गेली, कामिनीनं सांगितलं. आबांनी हात झटकला. आकडे पुढारीही फेकतात.

मग त्यांनीच मोजायला घेतलं, फॅक्टरीच्या रीतीनं. तिथे ढीगभर माल कुणी एकेक मोजत नाही; थोडा मोजायचा, तोलायचा, बाकीचा वजनावर काढायचा. ओसरीत दादर ज्वारीची क्विंटलची पोती लागलेली होती. एक माणूस, एक दाणा. हजार दाणे काट्यावर तीस ग्रॅम भरले. आबांनी गुणाकार केला आणि गालात हसले.

"एक्याऐंशी किलो. एक पोतंही भरत नाही, अन् घर डोक्यावर घेतलंस."

कामिनीनं कागद ओढला. "आबा, एक शून्य ऱ्हायनं."

चौतीस वर्षांत त्यांचं शून्य कधी राहिलं नव्हतं. पुन्हा केलं. आठशे दहा किलो.

ते उठले. पोत्यांवर हात ठेवत चालत गेले ते आठव्यापाशी थांबले, तरी वर दहा किलो उरत होते. अमेरिकेची गेलेली माणसं, सगळ्या आघाड्यांवरची धरून, एका पत्र्याच्या डब्यात मावली असती. आबांनी पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात आत घातला. तळ लागेना. आयुष्यभर त्यांनी पेट्या पास केल्या, पण गोळीसमोरचा माणूस एकदाही डोळ्यांपुढे आला नव्हता.

"नुसते मेले नाहीत ते," कामिनी हळू म्हणाली. "दहा जर्मन सैनिक पडले, त्यातले सात-आठ यांनीच पाडले."

हात काढताना काही दाणे सांडले. आबा दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि एकेक वेचून पोत्यात टाकू लागले.

"लाव फोन," ते म्हणाले. "पण नुसतं रशिया म्हणू नको. युक्रेनवाला, कझाकवाला, सगळे आहेत, बठ्ठा शेतस यात."

फोन लागला. पलीकडून बाजू विचारली, तेव्हा दाणे वेचणाऱ्या आबांकडे बघत कामिनी म्हणाली, "सोव्हिएत संघ."