बावीस पूर्णांक एक

मित्रांनो, जो सगळ्यांना मोजतो त्याला कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटत असेल. मी एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे, आणि आजवरचं माझं सगळं आयुष्य घाबरण्यात गेलं आहे. मला पोलादाचे दोन जबडे आहेत, एक सरकती पट्टी आहे आणि अंगभर बारीक रेघा आहेत. जबड्यांत वस्तू धरली की तिची जाडी मी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत दाखवतो. दाखवतो, सांगत नाही. मला बोलता येत नाही. माझ्या भीतीचं मूळ तिथेच आहे.

पहिली भीती जन्मताच भेटली. कारखान्यात मला कापलं, तापवलं, तेलात बुडवून कडक केलं, घासूनपुसून रेघा कोरल्या. शेवटच्या टेबलावर चष्मा लावलेला एक तपासनीस बसायचा. नेमक्या मापाचे चकचकीत ठोकळे तो आमच्या जबड्यांत धरून बघायचा. त्याच्या डाव्या हाताला डब्या होत्या, उजव्या हाताला भंगाराचं पिंप. माझ्या पुढचा भाऊ केसभर चुकला. तपासनिसाने फक्त उजवा हात लांब केला. पिंपात आदळल्याचा तो आवाज माझ्या अंगात अजून आहे. मी डाव्या बाजूला गेलो, पण त्या दिवसापासून मला एक कळून चुकलं. आपलं काम एकच, खरं माप देणं. ते चुकलं की आपण लोखंडाचा तुकडा.

पुढे मी हत्यारांच्या दुकानात काचेखाली पडून होतो. एका सकाळी तिथे एक गृहस्थ आले. ते शाळेत गणित शिकवायचे आणि सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती आणि घराशेजारच्या गॅरेजमध्ये तिची दुरुस्ती स्वतः करायचं मनावर घेतलं होतं.

"काम काय आहे?" दुकानदाराने विचारलं.

"घरचंच. गाडीचं बारीकसारीक, थोडं लाकूडकाम."

"मग हा डिजिटल घ्या. आकडा समोर दिसतो. शाळेतलं पोरगंही वाचेल."

"पोरांनी वाचलेलं तपासण्यातच जन्म गेला माझा," मास्तर म्हणाले. त्यांनी डिजिटलचे जबडे तीनदा उघडून मिटले. तिसऱ्या वेळी शून्याच्या जागी दोन शतांश आले. "आणि सेल?"

"वर्षभर चालतो."

"नुसता पडून राहिला तर?"

"तरी थोडा थोडा संपतो," दुकानदार म्हणाला. माणूस खरा होता. मग त्याने घड्याळासारख्या तबकडीचा कॅलिपर काढला. काटा झोकात फिरत होता. "वाचायला सोपा. पण याच्या दात्यांत बारीक कीस गेला की काटा अडखळतो. धूळ सांभाळा."

"माझं गॅरेज म्हणजे धूळच आहे."

मग त्यांनी मला उचललं. जबडे मिटले, खिडकीकडे धरले आणि फटीतून उजेड येतो का ते पाहिलं. आला नाही. शून्यावर शून्य बसलं. पट्टी सरकवली, ती ना सैल होती ना अडकत होती. आतलं माप घेणारे वरचे छोटे जबडे पाहिले, खोली मोजणारी मागची काडी पाहिली. इतक्या नीट मला त्या तपासनिसानंतर कोणी पाहिलं नव्हतं.

"हा द्या. ना सेल, ना काटा."

"डोळे मात्र लागतील, मास्तर."

"ते आहेत. चार आहेत," चष्म्याला बोट लावत मास्तर म्हणाले.

निवड चुकली नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगतो. घरच्या कामाला मी पुरून उरलो. बोल्ट, बेअरिंग, नळीचा आतला व्यास, फळीची जाडी, काय वाटेल ते मी मोजलं. मास्तर बायकोला हाक मारून म्हणायचे, "अगं बघ, दुकानदार बारा म्हणाला, हा अकरा पूर्णांक नऊ म्हणतो. आणि हाच खरा!" माझी कॉलर ताठ व्हायची. तरी खालच्या सिमेंटच्या जमिनीकडे पाहिलं की पडायची भीती वाटायचीच. हळूहळू कौतुक ओसरलं. डबी हरवली आणि माझी रवानगी हातोड्यांच्या खणात झाली. खण उघडला की ते माझ्यावर घरंगळत यायचे. जबडा वाकला तर? पुढचं माप खोटं निघालं तर? मी रोज हेच घोकत पडायचो.

पण खरी भीती आली ती माझ्यात काहीही बिघडलेलं नसताना.

शाळेला सुट्टी लागली होती. त्या रविवारी दुपारी मास्तरांनी गाडीचं पुढचं चाक काढलं. आत ब्रेकची डिस्क दिसली. चाकाबरोबर फिरणारी ही लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडी थांबते. चालून चालून ती झिजते. वीस मिलिमीटरच्या खाली गेली की टाकून द्यायची, असं तिच्यावरच कोरलेलं होतं. मास्तरांनी मला बाहेरच्या कडेकडून डिस्कवर बसवलं आणि जबडे आवळले.

त्याच क्षणी मला कळलं. पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत पोचत नाहीत, म्हणून काठ झिजत नाही. तिथे गंजाने फुगलेली एक उंच कड राहून जाते. माझे जबडे मुळाशी त्या कडेवर टेकले होते. टोकं आत, खऱ्या झिजलेल्या डिस्कवर, नुसती अधांतरी होती. तिथे एवढी फट होती की नखही गेलं असतं.

मास्तरांनी चष्मा सावरला. "बावीस पूर्णांक एक. मस्त!" त्यांनी वहीत आकडा लिहिला. मला ओरडायचं होतं. टोकाकडे बघा, एकदा फक्त टोकाकडे बघा! तेवढ्यात घरातून फोनसाठी हाक आली. त्यांनी मला न पुसताच बाकावर ठेवलं. परत आल्यावर नवे पॅड बसवले, चाक चढवलं आणि बायकोला म्हणाले, "उद्या बिनधास्त जा."

मास्तरांच्या बायकोला मी बाई म्हणतो; त्या डोंगरावरच्या रुग्णालयात औषध विभागात काम करायच्या. जाताना अकरा वळणांचा चढ, येताना तोच उतार. सोमवारी सकाळी साडेसातला त्या निघाल्या. गाडीचा आवाज कोपऱ्यावर विरला आणि मी बाकावर गार पडून राहिलो. चढताना ब्रेक फारसे लागत नाहीत. उतरताना लागतात. त्यांची सुट्टी दोनला व्हायची. भिंतीवरचं घड्याळ मला समोरच दिसत होतं.

बरोबर दोनला मास्तरांची थोरली बहीण आली. आयुष्यभर तिने एका कारखान्यात मापं तपासली होती. घरी तिला सगळे ताई म्हणायचे आणि तिच्यापुढे जपून बोलायचे.

"तुझा तो व्हर्नियर दे रे. शिलाई मशीनचा दांडा मोजायचाय," म्हणत तिने मला उचललं आणि सवयीने दुसऱ्या हातात फडकं घेतलं.

माझ्या जबड्यांच्या मुळाशी त्या कडेच्या गंजाची एक बारीक रेघ उमटली होती. मला जे सांगता येत नव्हतं ते सगळं त्या रेघेत होतं. फडकं फिरलं असतं तर तेही गेलं असतं.

फडकं थांबलं.

"काय मोजलंस याने?"

"ब्रेकची डिस्क. एकदम ठणठणीत. बावीस पूर्णांक एक."

"नवी कितीची असते?"

"बावीस."

ताईने फडकं बाजूला ठेवलं. "मास्तर, डिस्क चालून चालून जाड होते का? वाढत्या वयाची आहे?"

मास्तर हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं.

"हे बघ. गंज फक्त इथे, मुळाशी. टोकं लखलखीत. तू कड मोजलीस, गाढवा, डिस्क नाही मोजलीस. गाडी कुठेय?"

मास्तरांनी मोबाइल काढून स्पीकर चालू केला. त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. रुग्णालयात लावला. तिथला माणूस म्हणाला, "त्या आत्ताच निघाल्या की." दोन वाजून सहा मिनिटं झाली होती.

"गाडी चालवताना ती फोन उचलत नाही," मास्तर म्हणाले. "मीच सांगितलंय तिला."

तरी ते पुन्हा पुन्हा फोन लावत राहिले. ताई स्टुलावर बसली. मी अजून तिच्या मुठीत होतो आणि मूठ घामाने ओली झाली होती. मास्तर दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी वळणं मोजत होतो. मला तेवढंच येतं. दोन वीस. दोन पंचवीस. रस्त्यावरून एक गाडी गेली, ती आपली नव्हती.

दोन चौतीसला फोन वाजला.

"अहो, गाडी बाजूला घेतलीय. सातव्या वळणावर. ब्रेक दाबला की पायाखाली थरथरतंय, आणि जळका वास येतोय. पहिल्या गियरमध्ये कशीबशी इथवर आले."

"हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

"नाहीच हलत. ओरडताय काय? आणि बारा फोन कशाला केलेत?"

"डिस्क... मी चुकीची मोजली गं."

"तुम्हीच म्हणालात ना, बिनधास्त जा?"

"म्हणालो."

"मग आता बिनधास्त इथे या."

संध्याकाळी गाडी दुसऱ्या गाडीला बांधून घरी आणली. मंगळवारी डिस्क उतरवून बाकावर ठेवली. तिच्यावर तड्याची केसासारखी एक रेघ होती. ताईने चार मिलिमीटरचे दोन ड्रिल घेतले, त्यांचे गुळगुळीत दांडे कडेच्या आत डिस्कला दोन्ही बाजूंनी लावून धरले आणि त्यांच्यावरून मला बसवलं. सव्वीस पूर्णांक नऊ. त्यातून दांड्यांचे आठ वजा केले. राहिले अठरा पूर्णांक नऊ. हे वजाबाकीचं गणित मास्तरांनीच केलं, हळू आवाजात.

"हा कॅलिपर नकोच," ते म्हणाले. "डिजिटल आणतो."

मला पिंपाचा आवाज ऐकू आला.

"तो डिजिटलही कडेवरच टेकला असता," ताई म्हणाली. "आकडा मोठा दिसला असता एवढंच. यानं खोटं सांगितलं नाही रे. तू कडेला विचारलंस, यानं कडेचं उत्तर दिलं."

दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "ताई, त्यांना नका बोलू. रात्रभर झोपला नाहीये माणूस." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "पण दुसऱ्या चाकाचं मोजताना मी इथे उभी राहणार आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊ असेल तर त्याला हातोड्यांत टाकू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, डबीत ठेवा. पण तेवढ्याने भागत नाही. हवा तसा आकडा आला की माणूस खूश होतो आणि बघायचं थांबवतो, हे मी जवळून पाहिलंय. आम्ही कुठे टेकलोय ते बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.

आता दुसरं चाक निघालं आहे. मास्तरांनी मला डिस्कवर बसवलंय. बाई कंबरेवर हात ठेवून उभ्या आहेत, आणि मला पुन्हा धडकी भरली आहे. मास्तर मात्र अजून रेघा वाचत नाहीत. ते गुडघ्यांवर बसलेत, मान वाकडी करून माझ्या टोकांकडे बघताहेत. बघू दे. आम्हाला कुणालाच घाई नाही.