टीचर लिन, अमेरिका

रेलिंडिसने गळ्यातलं ओळखपत्र पुन्हा एकदा उलटं केलं. फीत पिळलेली होती, त्यामुळे पंख्याचा वारा लागला की ते आपोआप सुलटं व्हायचं. मग तिचा फोटो, त्याखाली ‘टीचर लिन’ आणि त्याखाली अमेरिकेचा इवलासा झेंडा साऱ्या सभागृहाला दिसायचा. शेवटी वैतागून तिने ते जाकिटाच्या खिशात कोंबलं आणि खुर्चीत ताठ बसली.

शेजारच्या खुर्चीवर व्हिक्टर होता. तो मूळचा बल्गेरियाचा, पण शाळेच्या फाटकावरच्या फलकानुसार लंडनचा. माणूस भला होता. मुलांचे उतारे लिहिले की आधी रेलिंडिसकडे तपासायला आणायचा आणि तिने लाल पेन उचललं की स्वतःच हसायचा. फलकावर मात्र त्याचा फोटो मोठा होता आणि तिचा कोपऱ्यात. लंडनच्या माणसाला तेवढा मान द्यायलाच हवा.

आज थायलंडमधल्या शाळांचा गुरुवंदनेचा दिवस. खाली फरशीवर मुलं पाय एका बाजूला दुमडून, हात जोडून बसली होती. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पालक होते. कडेला ध्वनिक्षेपकाजवळ ओन उभी होती. शहरातल्या शाळांना परदेशी शिक्षक पुरवायचं काम तिचं. सगळे तिला ‘पी ओन’ म्हणत, म्हणजे ओनताई. ओनताईने रेलिंडिसकडे पाहून हलकेच मान हलवली. लक्षात आहे ना, असा त्याचा अर्थ होता.

लक्षात नसायला काय झालं? कालच गाडीत बसवून ओनताईने विषय काढला होता. पुढच्या वर्षीचा करार तयार होता आणि करार झाला तरच देशात राहायची परवानगी मिळणार होती. फक्त एकच गोष्ट करायची होती. या वेळी पालकांसमोर दोन्ही परदेशी शिक्षकांनी स्वतःच्या तोंडाने आपला देश सांगायचा.

“एवढंसं वाक्य आहे गं,” ओनताई म्हणाली होती. “मी अमेरिकेहून आले. त्यात तुझं काय जातं?”

“आणि मी कॅमेरून म्हटलं तर?”

“तर पालक विचारतील, ते कुठे आलं? मग विचारतील, मग फी एवढी कशाची? लिन, तुझं इंग्रजी चांगलं आहे हे मला कळतं गं. पण पालकांना ते कानांनी कळत नाही, डोळ्यांनी कळतं. काळी अमेरिकन त्यांना चालते, सिनेमात पाहिलेली असते. मला तुझा रंग बदलता येत नाही. म्हणून देश बदलला.”

हे सगळं ती मायेने बोलली होती, हे रेलिंडिसला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात रेलिंडिसला ताप आला तेव्हा तांदळाची पेज घेऊन येणारी हीच. म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती.

सरकारी कागदांवर तिचा देश खराच होता. तो इंग्रजी मायबोली असलेल्या देशांच्या यादीत बसत नाही, म्हणून तिला भाषेची परीक्षासुद्धा द्यावी लागली होती. ज्या भाषेत ती पाढे शिकली, प्रार्थना शिकली आणि पुढे कित्येक वर्षं वर्गच्या वर्ग शिकवले, त्या भाषेची परीक्षा. तीही तिने निमूटपणे दिली. खोटं होतं ते फक्त पालकांसाठी. आजवर ते फलक बोलायचा, ओळखपत्र बोलायचं, आणि तिला नुसतं गप्प राहावं लागायचं. तुमच्याकडे बर्फ पडतो का, असं मुलांनी विचारलं की ती हसून फळ्याकडे वळायची.

पण गप्प राहणं वेगळं आणि बोलणं वेगळं. कॅमेरूनमध्ये, बामेंडाला तिची शाळा होती. गावात गोळीबार सुरू झाला, शाळेला कुलूप लागलं आणि पटांगणात कमरेएवढं गवत वाढलं. शाळा गेली, तिला इलाज नव्हता. आता गावाचं नावही आपणच आपल्या हाताने पुसायचं, हे तिला सोसवेना. सकाळी केस बांधतानाच तिने ठरवून टाकलं होतं. आरशातल्या बाईला तिने ते दोनदा मोठ्याने सांगूनही पाहिलं होतं.

मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर पुढे सरकायला लागली. प्रत्येक वर्गाचं तबक वेगळं. चालीप्रमाणे कडेला दूर्वा, वांग्याची फुलं आणि झेंडू हवेतच. मधली सजावट मुलांनी आपल्या मनाने करायची. तिच्या वर्गाचं तबक बायटोय घेऊन आली. बायटोय म्हणजे वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी. आज मात्र ती ओठ घट्ट मिटून, एकेक गुडघा जपून टाकत येत होती. तिची बोटं निळी झाली होती.

तिने तबक वर धरलं.

तबकात अमेरिकेचा झेंडा होता. गुलाबाच्या पाकळ्यांचे आणि मोगऱ्याचे पट्टे, कोपऱ्यात गोकर्णाचा निळा चौकोन आणि त्यात मोगऱ्याच्या मिटल्या कळ्यांचे तारे. एकही कळी वाकडी नव्हती.

“तुमच्यासाठी टीचर,” बायटोय पुटपुटली. “तुम्हाला घरची आठवण येत असेल म्हणून.”

रेलिंडिसने तबक मांडीवर घेतलं. ओनताईसमोर काय बोलायचं, पालकांसमोर काय बोलायचं, हे तिने सगळं पाठ केलं होतं. या तबकासमोर काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. मागे सरकतानाही बायटोयची नजर फुलांवरच होती. सांगावं आणि या पोरीचं तोंड उतरलेलं बघावं? की राहू द्यावं, एक वर्ष आणखी?

व्हिक्टर उठला. लंडनहून आलो म्हणून त्याने छान हसून सांगितलं आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग ध्वनिक्षेपक तिच्या हातात आला.

ती तबक घेऊनच उभी राहिली. आधी इंग्रजीत बोलली आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून तेच सावकाश थाई भाषेत बोलली.

“माझं नाव रेलिंडिस. मी आफ्रिकेतल्या कॅमेरून देशातून आले. माझं गाव बामेंडा. मी तिथेही शिक्षिकाच होते.”

टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली आणि कुणीतरी मोबाइल काढला. ओनताईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त तिने पुढे येऊन ध्वनिक्षेपक काढून घेतला आणि पुढच्या गाण्याची घोषणा केली. रेलिंडिस खाली बसली. तबक तिने पुन्हा मांडीवर घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर ओनताई तिला पायऱ्यांपाशी भेटली. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं. पुढच्या वर्षीचं आता आपल्या हातात राहिलं नाही, एवढंच ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. रेलिंडिसने खिशातून ओळखपत्र काढून तिच्या हातावर ठेवलं. ओनताईने फीत नीट गुंडाळली आणि ती गाडीकडे गेली.

वर्गात मुलं नेहमीपेक्षा शांत होती. रेलिंडिसने तबक टेबलावर ठेवलं. माफी मागायची म्हणून तिने शब्द जुळवले, पण त्याआधीच बायटोय उठून टेबलापाशी आली. तिचं तोंड फुगलेलं होतं.

“आधी सांगायचं ना, टीचर. गोकर्णासाठी माझी आई पार नदीपलीकडच्या मावशीकडे गेली होती.”

“चुकलं माझं.”

“तुमच्याकडे बर्फ पडतच नाही ना?”

“नाही. पाऊस पडतो. इथल्यासारखाच.”

बायटोयने रागाने तबक स्वतःकडे ओढलं.

“तुमच्या झेंड्यावर तारे किती?”

रेलिंडिसने एक बोट वर केलं.

“एक. पिवळा. मधोमध.”

“आणि रंग?”

“हिरवा, लाल, पिवळा. उभे पट्टे.”

बायटोयने कडेच्या दूर्वा पाहिल्या, झेंडू पाहिले. मागे वळून तिने दोघा-तिघांना हाक मारली, तशी मुलं बाकांवरून उठून आली. मग तिने बाही वर सारली आणि नखाने एकेक कळी उपटायला घेतली. उपटलेली प्रत्येक कळी ती न बघता रेलिंडिसच्या हातात देत होती.