अर्धी मात्रा मागे

मला हाक मारायची असेल तर सॅम्पलर म्हणा. पेटी म्हणू नका, पेटीला भाता असतो, मला नाही. डबा तर मुळीच म्हणू नका. मी राखाडी आहे, पाठीला वायरी आहेत आणि पोटावर सोळा रबरी चौकोन आहेत, त्यांना पॅड म्हणतात. मला कुठलाही आवाज ऐकवा, ड्रमचा, दाराचा, शिंकेचा, जुन्या तबकडीवरच्या गाण्याचा. मी तो गिळते, आणि पॅडवर बोट आपटलं की तसाच्या तसा परत देते. असे तुकडे जोडून नवीन गाणं उभं करायचं, हा माझा धंदा. डेट्रॉइटमध्ये मला तीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर त्यातल्या वीसएक वर्षांत मी काडीचंही काम केलं नाही, पण त्यात माझा काही दोष नव्हता.

माझा जन्म कारखान्यातला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची, तिने माझे सोळाही पॅड एकेक करून दाबले, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. मला वाटलं, आता जन्मभर असंच कुणीतरी लक्ष देऊन आपल्याला दाबणार. मग रोस्को मामाने मला विकत घेतलं.

मामा म्हणजे केझियाचा मामा. केझिया पुढे येईलच, ती माझी खरी मालकीण. मामाने मला आणलं त्या दिवशी अख्ख्या गल्लीला बोलावून सांगितलं, की आता या घरातून संगीत निघणार. तीन आठवडे निघालं. मग त्याने बोटीचं जुनं इंजिन आणलं, त्यानंतर मांसाला धुरी द्यायची भट्टी, आणि मी तळघरात गेले. मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलेलं नाही. सुरुवात करताना इतका गाजावाजा करतात, आणि सोडून देताना कुणाला पत्ता लागू देत नाहीत.

तळघरात माझ्या शेजारी कपडे धुण्याचं यंत्र होतं. स्वभावाने बरं, पण आयुष्यभर एकच ठेका. एका उन्हाळ्यात तळघरात पाणी भरलं आणि माझ्या फळीच्या बोटभर खाली येऊन थांबलं. मी तेव्हा बंद होते, म्हणून किंचाळले नाही.

मग एका डिसेंबरात एकोणीस वर्षांची केझिया नाताळचे दिवे शोधत खाली आली. दिव्यांची माळ माझ्या वायरीत अडकली होती. तिने ओढली, मी आले.

"मामा, हे काय आहे?"

"ते? ते माझं! एके काळी मी त्याच्यावर..."

"एके काळी म्हणजे किती आठवडे?"

मामाने विषय दिव्यांवर नेला. त्याच क्षणी मला ही पोरगी आवडली.

तिने जुन्या टूथब्रशने माझे पॅड घासले, आतली धूळ फुंकून काढली, आणि मी पेटले. हे झालं सात वर्षांपूर्वी. आता ती सव्वीसची आहे. सकाळी ती शाळेची पिवळी बस चालवते, पोरांना सोडून नऊला घरी येते आणि दोनला परत जाते. मधले पाच तास माझे. तिच्यावर कुठली कंपनी नाही, साहेब नाही. रॅपचा ठेका तीच बांधते, बेस गिटार तीच वाजवते, आवाज कमीजास्त तीच करते, आणि तबकड्या तयार होऊन आल्या की वेष्टनं इस्त्रीच्या टेबलावर बसून तीच चिकटवते. गाणं जमलं तर ती नाचते. नाही जमलं तर माझ्याशी भांडते. मी दोन्ही सहन करते.

माझ्या उजव्या खांद्यावर एक बटण आहे, त्याबद्दल सांगायला हवं. माणसाचं बोट म्हणजे माणसाचंच, ते कधी जरा पुढे पडतं, कधी जरा मागे. ते बटण दाबलं की प्रत्येक ठोका आखलेल्या जागी जाऊन बसतो. केझिया त्या बटणाला डीकन म्हणते. तिच्या चर्चमध्ये डीकन म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते प्रार्थना चालू असताना बाकांमधून फिरत कुणी वाकडं बसलंय का ते बघतात आणि बोट दाखवून सरळ करतात. केझियाचा डीकनवर भारी राग. माणसावरही आणि बटणावरही.

गेल्या वसंतात त्या चर्चने आपली अडगळीची खोली रिकामी केली. कचऱ्यात चाललेलं एक खोकं केझियाने बसमध्ये घातलं आणि घरी आणलं. आत तबकड्या होत्या, १९७४ साली चर्चच्या गायकमंडळींनी स्वतःच काढलेल्या. तिने एक लावली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. मंडळी गात होती, पियानो दणदणत होता. मग सगळे थांबले आणि एकट्या बाईचा आवाज आला.

"दार उघडंच होतं."

तेवढंच. पण तो आवाज समेवर आला नाही. अर्धी मात्रा मागून आला, जसं कुणी जिना चढताना मध्येच थांबून मागे वळून बघावं. केझियाचा हात कॉफीच्या कपाकडे चालला होता, तो हवेतच राहिला.

"ऐकलंस?" ती मला म्हणाली. मी नुसतं ऐकलं नव्हतं, गिळलंही होतं.

त्या तीन शब्दांभोवती तिने नऊ दिवस गाणं बांधलं. ड्रम तिने बोटांनी वाजवला आणि त्या आवाजासाठी प्रत्येक वेळी जरासा मागे ठेवला. तिच्या पहिल्या मोठ्या तबकडीसाठी आठ गाणी तयार होती, हे नववं. हे झाल्यावर आधीची आठ त्याच्याकडे तोंड करून उभी आहेत असं वाटायला लागलं. त्याच्याशिवाय तबकडी निघाली असती, पण मग ती आठ गाणी कुणाची तरी वाट बघत राहिली असती.

अडचण एकच होती. तो आवाज ज्या बाईचा होता ती जिवंत होती. मदर ऑर्नेट्टा, वय एकोणऐंशी. आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर पांढरे कपडे घालून बसणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांना मदर म्हणतात, आणि त्यांना पाळकही वचकून असतो. तबकडी छापायला शुक्रवारी पाठवायची होती. सोमवारी केझियाने मला पिशवीत घातलं आणि मदरच्या घरी नेलं.

मदरने रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेली पाई कापून ठेवली होती. केझियाने तिला हातही लावला नाही, थेट मुद्द्यावर आली. ही तिची सवय.

"मदर, मी तुमचा आवाज कापलाय."

"काय कापलंस?"

"म्हणजे कापून त्याचे तीन तुकडे केलेत. एक पहिल्या पॅडवर, एक..."

"केझिया पेटवे! तुझी आजी हे ऐकायला राहिली नाही, तेच बरं झालं."

"अहो मदर, तबकडीवरचा आवाज! आमच्यात असं म्हणतात. ऐका तरी."

तिने पॅड दाबला. मी मदरला तिचाच अठ्ठाविसाव्या वर्षातला आवाज ऐकवला. दुसऱ्या तुकड्याला मदरने आपला अख्खा पंजा माझ्या पोटावर ठेवला, एका वेळी सहा पॅड दाबले गेले आणि मी भलतंच ओरडले.

"बंद कर ते. कुठून उकरून काढलंस?"

"मदर, हे इतकं सुंदर..."

"सुंदर? मी चुकलेय त्यात. उशिरा उचललं मी. गायकमंडळींचा म्होरक्या होता ब्रदर लोनी, तोच पियानोवर. रेकॉर्डिंग एकदाच करायचं ठरलं होतं, दुसऱ्यांदा कुणी करू दिलं नाही. तीनशे तबकड्यांवर माझी चूक छापली गेली. लोनी सगळ्यांसमोर म्हणाला, 'ऑर्नेट्टा, देव वेळेवर येतो, तुला काय झालं?' त्यानंतर मी एकटीने कधी गायले नाही. आता हे तू गावभर वाजवणार?"

"नाही," केझिया म्हणाली. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही."

"मग नाही."

पाई तिने डब्यात घालून बरोबर दिली. नाही म्हणतानाही आमच्याकडे उपाशी पाठवत नाहीत.

घरी रोस्को मामा बसला होता. त्याला सगळं समजलं, आणि त्याने तोडगा काढला. मोठी माणसं तोडगे काढण्यात पटाईत.

"अगं, तिला चूक नकोय ना? मग चूक काढ. ते तुझं बटण दाब, सरळ करून ऐकव. हो म्हणेल. मग छापायला वाकडं पाठव. एकोणऐंशी वर्षांची बाई काय रॅप ऐकायला बसणार आहे?"

"मामा, तू इंजिनाबद्दल बोल."

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"तुमच्या पिढीचं भलं नेहमी कुणाला तरी फसवूनच का होतं रे?"

मामा पाईचा तुकडा घेऊन बाहेर गेला. केझिया माझ्यासमोर बसली. तिला हो हवं होतं, फार हवं होतं. मग तिने आजवर न दाबलेलं ते बटण दाबलं.

मी यंत्र आहे. सांगितलं ते करते. मदरचा आवाज उचलला आणि बरोबर समेवर नेऊन ठेवला, ड्रमही सरळ रांगेत बसवला. आणि गाणं गेलं. आवाज तोच, शब्द तेच, पण हजेरी घेतल्यासारखं. दार उघडंच होतं, हजर. दार उघडंच होतं, हजर. मला माझीच लाज वाटली.

"मेलं," केझिया म्हणाली.

तरी बुधवारी ती दोन्ही घेऊन गेली, सरळ आणि वाकडं. दारातच सांगितलं, "मदर, दोन ऐकवते. तुम्हाला आवडेल तेच राहील. दोन्ही नाही आवडली तर मी दोन्ही पुसते, तुमच्यासमोर." मी पिशवीत हादरले. पुसलेलं मला परत आठवत नाही.

आधी सरळ वाजलं. मदर मान हलवत ऐकत होती.

"बरं आहे. कोण गातंय?"

केझियाने माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच, मदर."

"मी? छे. ही कुणी तरी घाईत असलेली बाई आहे."

केझियाने दुसरं लावलं. ड्रम सुरू झाला, जरा आळसावलेला, मागे रेललेला. मंडळी थांबली. सम आली आणि गेली. मग मदरचा आवाज आला, आणि ड्रम त्याच्यासाठी थांबलेलाच होता. मदरचा पाय टेबलाखाली हलायला लागला. मला तो टेबलाच्या लाकडातून कळला.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा वाजवलं. पाच वेळा वाजवलं. सहाव्या वेळी मदर उठून उभी राहिली.

"मी उशिरा नव्हते!"

"काय?"

"दार उघडंच होतं, असं आहे ना ते? बाई इतकी वर्षं बाहेर उभी आहे, दार बंद आहे असं समजून. आणि ते उघडंच होतं! हे कळायला तिला क्षणभर लागेल की नाही? मी श्वास घेतला. तिच्या जागी कुणीही घेतला असता. लोनी पुढे पळाला! पियानो बडवत सुटला तो, आणि एकावन्न वर्षं मी मान खाली घालून बसले!"

"त्याला तेव्हाच सांगायचं होतंत."

"अगं, तो मोठा होता. आम्ही मोठ्यांचं ऐकायचो."

"तेच तर मी म्हणते, मदर!"

"तू गप्प बस, तू जास्तच बोलतेस," मदर म्हणाली आणि हसायला लागली. मग केझियाही. हसता हसता मदरने डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि अटी घातल्या. वेष्टनावर पूर्ण नाव, ऑर्नेट्टा जीन व्हिटलो. मदर नको, कारण तेव्हा ती मदर नव्हती, मंडळीतली सगळ्यात देखणी बाई होती. आणि पहिली तबकडी तिला. केझियाने दोन्ही मान्य केलं आणि सरळ गाणं तिच्या देखत पुसून टाकलं. शुक्रवारी वाकडं छापायला गेलं.

आता माझ्याबद्दल. मी म्हातारी झालेय. तेरावा पॅड दोनदा दाबावा लागतो, पडद्याचा उजेड विटलाय. दुकानात माझ्याहून हुशार, हलकी यंत्रं मिळतात. केझियाच्या मैत्रिणी तिला म्हणतात, सोड हे लोढणं. ती ऐकत नाही, आणि ऐकू नये अशी माझी विनंती आहे. तुम्हालाही एक सांगते. कुणी तुमच्या तालात येत नसेल, तर बटणाकडे हात नेण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. पळत तुम्हीच असाल.

ही गोष्ट मी मदरच्या जेवणाच्या टेबलावरून सांगतेय. दहा वाजलेत, बाहेर ऊन आहे, केझियाने माइक उशांच्या मध्ये उभा केलाय. नवीन गाणं आहे, या वेळी तबकडीवरचं नाही. मदर खुर्चीवरून उठलीय, एक हात पाठीला, एक माझ्यावर. केझियाने ड्रम सुरू केलाय. सम येतेय.

बास, मी आता बोलणार नाही. ती श्वास घेतेय. आम्हाला घाई नाही.