लाल कडा

पानगळीत कड्यावरची झाडं लाल होतात. ती होडीतून बघायला यंदा नावाड्याची ताई आणि दाजी आले.

"दाजी, लाइफ जॅकेट घाला. माझ्या होडीचा नियम आहे."

"मेहुणे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" दाजींनी जॅकेट पायाखाली टाकलं.

कड्याखाली होडी डुचमळली आणि ताईच्या हातून दाजींचा मोबाइल पाण्यात गेला. दाजींनी तिचे केस धरून तोंड होडीच्या काठावर आपटलं, एकदा, दोनदा. ओठ फाटला. तिसऱ्यांदा आपटणार तोच नावाड्याचं वल्हं त्यांच्या जबड्यावर बसलं. हाड कडकन मोडलं, दाजी पाण्यात गेले आणि काठाला लोंबकळले. नावाड्याने वल्हं पुन्हा उगारलं.

"बाळ्या, थांब!" ताई ओरडली.

नावाडी थांबला. मागे दाजींनी हात मोडला तेव्हाही ताईने 'जिन्यावरून पडले' असं सांगून नवऱ्याला पाठीशी घातलं होतं.

ताईने रक्त थुंकलं, जॅकेट उचलून दाजींच्या गळ्यात अडकवलं आणि पट्टा आवळला.

"किनारा समोरच आहे. काठ सोडा."

दाजी सोडेनात. ताईने भावाच्या हातातलं वल्हं घेतलं आणि त्यांच्या बोटांवर हाणलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हाणायची वेळ आली नाही.

"चल बाळ्या," ती म्हणाली, "झाडं बघायची राहिलीत."