छापील बाजू वर

विभागप्रमुख शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा जीवशास्त्राच्या बाई पोरांना कागदी षटकोन वाटत होत्या. आजचा तास म्हणजे खरं तर बाईंचीच परीक्षा होती. कर्बोदकांची रचना कागदातून शिकवता येते हे आज दिसलं नाही, तर उद्यापासून हा तास पडद्याच्या खोलीत चित्रफिती बघण्यात जाणार होता. प्रमुखांनी ते आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. "पोरं कात्री चालवतात, डोकं नाही," असं त्यांचं मत.

बाईंनी जय्यत तयारी केली होती. घरी जेवणाच्या टेबलावरचा षटकोनांचा ढीग पाहून नणंदेनं विचारलंही होतं, "वहिनी, मधमाश्या पाळताय की काय?" मग टोमणे मारत तीही कापायला बसली.

एक षटकोन म्हणजे ग्लुकोजचा एक रेणू. कडेनं कार्बनचे आकडे. उजवीकडच्या एक नंबरच्या कार्बनला वर उचललेली पट्टी, डावीकडच्या चार नंबरच्या कार्बनला खाली सोडलेली. हे त्या रेणूचे हात. एकाच्या एक नंबरच्या हातानं शेजाऱ्याचा चार नंबरचा हात धरायचा आणि साखळी वाढवत न्यायची. ही साखळी सेल्युलोजची, म्हणजे कापसाची, लाकडाची. ती सरळच यायला हवी.

"छापील बाजू वर ठेवा, आकडे दिसले पाहिजेत," असं बजावून बाई बाकांमधून फिरू लागल्या.

एकाही बाकावर साखळी सरळ नव्हती. एकाचा हात वर, शेजाऱ्याचा खाली. पोरांनी पट्ट्या मुरगाळून, डिंक थापून त्या कशाबशा चिकटवल्या होत्या. एक साखळी तर विंचवाच्या नांगीसारखी वर वळली होती.

"हे काय केलंस?"

"हात पोचत नव्हता मॅडम, म्हणून ओढला," ज्याला सगळा वर्ग पेंगूळ म्हणायचा तो मुलगा म्हणाला.

"खांदा निखळला बिचाऱ्याचा!" शेजारची मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

"अरे, मग शेजारचा षटकोन पालथा करायचा ना! एकाआड एक."

"पालथा केला की कोरी बाजू वर येते, मॅडम. आणि तुम्हीच म्हणालात, छापील बाजू वर."

बाई जागच्या जागी थबकल्या. जाडसर कागद पाठपोट छापताना मशीनमध्ये अडकत होता, म्हणून त्यांनीच एका बाजूनं छापून घेतला होता. घरी साखळी जुळवताना त्यांचे हात आपसूक षटकोन पालथे करत. मागच्या बाजूचे आकडे त्यांना पाठ होते, त्यामुळे ती बाजू कोरी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मागे प्रमुखांनी घड्याळात पाहिलं. घरी जुळवलेली साखळी वर्गातल्या टेबलाच्या खणात होती. ती दाखवून पुढच्या साखळीकडे, बटाट्या-तांदळातल्या स्टार्चकडे वळता आलं असतं, तासही वेळेत संपला असता. बाईंनी खण उघडला नाही.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "साखळ्या तोडा. नवे षटकोन घ्या, छापील बाजू खिडकीच्या काचेला टेकवा आणि उजेडात मागून दिसतील ते आकडे गिरवा."

खिडक्यांपाशी झुंबड उडाली. ढकलाढकली, पेनांची पळवापळवी, "ए, माझी काच सोड!" बाईंनी कुणालाही घाई केली नाही. मग पोरं बाकांवर परतली आणि एकेक षटकोन पालथा होऊ लागला. वरचा हात वरच्याला भेटला, खालचा खालच्याला. साखळ्या सरळ जाऊ लागल्या.

प्रमुख उठून नेमके पेंगूळपाशी आले. "पालथा कशाला केलास?"

"सरळ ठेवला तर हाताला हात लागत नाही, सर. एकाआड एक पालथा घातला की सगळे एका रेषेत येतात. मग अशा साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसत असणार." त्यानं शेजारणीची साखळी ओढून आपल्या साखळीला लावून दाखवली.

"आणि स्टार्च?"

"ते अजून शिकवलं नाही."

प्रमुख बाईंकडे वळले. "म्हणजे तास अपुरा राहिला."

"राहिला. उद्या पुरा करते."

"उद्या पडद्याची खोली ठरवलीय."

"मग ती सोडावी लागेल, सर. अर्धवट साखळी घेऊन मी पोरांना अंधारात बसवणार नाही."

प्रमुखांनी पुन्हा बाकाकडे पाहिलं. पेंगूळ तिसरी साखळी जोडण्यात गुंतला होता. त्याचं कुणाकडेच लक्ष नव्हतं.

"ठीक आहे. खोलीचं मी बघतो," प्रमुख म्हणाले. "पण स्टार्च उद्या संपलाच पाहिजे."

"संपेल," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळून त्यांनी उद्यासाठी स्टार्चचा, एक नंबरचा हात खाली सोडलेला षटकोन काढायला घेतला.