शेवंतीवरचं खोकं

आमच्या ह्यांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. घड्याळांची मागची झाकणं उघडून आत डोकावण्यात जन्म गेला, आणि ती खोड दुकानातच राहील तर शपथ! घरी आले की पातेल्यांवरची झाकणं उचलणार, शेजाऱ्यांचं पार्सल कुठून आलं ते वाचणार, आणि घटकेघटकेला लेकीच्या खोलीचं दार ढकलून विचारणार, "कुठवर आलं?"

लेक मोठ्या सरकारी परीक्षेची तयारी करत होती. वैकल्पिक विषय घेतला शेती. आमच्या सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावला नाही, पण ह्या विषयात मार्क चांगले पडतात असं कुणीतरी सांगितलं, झालं! माती, बियाणं, खतं, किडी, सगळं तोंडपाठ. एवढं करून मागच्या खेपेला अर्धा पेपर कोरा ठेवून बाहेर आली. यंदाची संधी शेवटची, पुढे वयात बसणार नाही, आणि ही म्हणते, मी जाणारच नाही. मला नुसते शब्द येतात, त्यातलं खरं काही कळत नाही.

त्याच सुमारास जेवताना ह्यांनी सहज विचारलं, की एवढी शेती शिकतेस तर सांग, आपली खिडकीतली शेवंती फुलत का नाही? पानं मेली हिरवीगार, पण दोन वर्षांत एक कळी नाही. लेक पोपटासारखी बोलायला लागली, की शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, काळोख लागतो. बोलताबोलता थांबली आणि खिडकीकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यावर दोन वर्षांमागे नवा दिवा बसवला होता, आणि त्याचा सगळा उजेड झाडाच्या डोक्यावर पडत होता.

मग काय, घास हातातच. टीव्हीचं जुनं खोकं शोधलं. रोज दिवेलागणीला ते झाडावर पालथं घालायचं आणि सकाळी काढायचं असं ठरलं. कितीतरी महिन्यांनी पोरीच्या तोंडावर तरतरी दिसली. पण जाताजाता मला म्हणाली, "ह्याला कळी आली तर पेपरला जाईन. नाही आली तर मला कुणी आग्रह करायचा नाही."

आठवड्यांवर आठवडे गेले, कळीचा पत्ता नाही. लेकीची पुस्तकं कपाटात गेली. मी त्या झाडाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

एका रात्री पाणी प्यायला उठले तर हे खिडकीशी. खोकं काखेत, दुकानातला लख्ख दिवा हातात, डोळ्याला भिंग. म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणे, आली का बघतोय. रोजच बघत होते, तेही चांगला वेळ काढून!

आवाजाने लेक बाहेर आली. चिडेल असं वाटलं, तर मटकन खाली बसून हसायलाच लागली. म्हणाली, रात्र नुसती लांब असून भागत नाही, ती सलग लागते. मध्येच असा उजेड पाडला की झाडाच्या हिशेबी ती लांब रात्र उरतच नाही. पुस्तकात लिहिलेलं अगदी खरं होतं, आणि ते खरं करून दाखवलं तिच्याच बापाने. मग तिचं हसू थांबलं.

"बाबा, माझंही असंच होतं. जरा लक्ष लागलं की तुम्ही दार उघडता."

ह्यांनी खोकं पुन्हा झाडावर पालथं घातलं. दिवा माझ्या हातात दिला आणि जाऊन झोपले. पण दोष एकट्या ह्यांना कसा द्यायचा? चहा घेऊन उठसूट मीही जातच होते की.

त्यानंतर लेकीची पुस्तकं कपाटातून बाहेर आली, रात्री खोक्याला कुणी हात लावला नाही आणि दाराला तर नाहीच. हे हात मागे बांधून तिच्या खोलीसमोरून जायचे. जीव नुसता टांगणीला लागलेला! मला हसूही यायचं आणि कीवही.

मग एका सकाळी ती आपण होऊन बाहेर आली, खिडकीतली कुंडी उचलून कडेवर घेतली. म्हणाली, बाबा, भिंग आणा. मोहरीएवढ्या कळ्या होत्या. ह्यांनी इतका वेळ बघितल्या की दुकान उघडायला उशीर झाला.

पेपरच्या दिवशी संध्याकाळी हे दाराशी स्टूल टाकून बसलेले. ती आली, चपला काढल्या. ह्यांनी ओठ घट्ट मिटलेले. विचारायचं नाही म्हणजे नाही. ती त्यांच्या पायाशी येऊन बसली.

"आज विचारा की, बाबा."

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "कुठवर आलं?"

"शेवटच्या प्रश्नापर्यंत," ती म्हणाली.